आधी कडी, मग दिवा

हॉस्पिटलात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वॉर्डबॉयपासून डॉक्टरबाईंपर्यंत सगळे तिला कडी सिस्टर म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बाईला दाराच्या कडीचं वेडच होतं म्हणा ना. मेंदूच्या ऑपरेशनच्या थिएटरला आतून कडी नव्हती, ती तिनं भांडून बसवून घेतली. सुतार म्हणाला, "सिस्टर, थिएटरला कडी? आत काय तिजोरी ठेवलीय?" ती म्हणाली, "तू आपले स्क्रू पीळ, तोंड नको चालवूस." सुतारानं मुकाट्यानं स्क्रू पिळले.

आता या वेडाला कारण होतं. त्या थिएटरात अंधारातलं काम चालायचं. मेंदूतली एखादी गाठ अशी लबाड असते की चांगला मेंदू कुठं संपला आणि गाठ कुठं सुरू झाली ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून ऑपरेशनच्या काही तास आधी पेशंटला एक औषध पाजायचं. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवायची आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला लावायची. ते औषध गाठीत जाऊन साठतं. मग कवटी उघडल्यावर खोलीतले दिवे मालवायचे, डॉक्टरबाई मायक्रोस्कोपचा निळा दिवा लावणार, आणि एवढा वेळ लपून बसलेली गाठ गुलाबी चमकायला लागणार. जे गुलाबी ते काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. अशा वेळी कुणी शहाणा दार ढकलून आत आला की बाहेरचा उजेड आत, आणि गुलाबी गायब. म्हणून कडी.

औषधाची आणखी एक खोड होती. ते प्यायलेल्या माणसाला उजेड सोसत नाही. ऊन किंवा मोठा दिवा अंगावर पडला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात. म्हणून पुढचे दोन दिवस पेशंट अंधाऱ्या खोलीत. खिडक्यांना जाड काळे पडदे, कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, आणि त्याही दाराला आतून कडी, कारण वॉर्डबॉय लोक चहा द्यायला येतात आणि सवयीनं बटण दाबतात. औषध पाजण्यापासून पडदे उघडण्यापर्यंत सगळं कडी सिस्टरच्या अंगावर. तिथं कुणाची लुडबुड तिला खपत नसे.

पण खरं सांगायचं तर कडीचं वेड या हॉस्पिटलातलं नव्हतंच. ते फार जुनं होतं, आणि त्याची मुळं दुसऱ्याच एका हॉस्पिटलात, एक्स-रेच्या डार्करूममध्ये होती.

तिचे वडील, अप्पा, जन्मभर त्या डार्करूममध्ये राबले. तेव्हा एक्स-रेच्या फिल्मा हातानं धुवायच्या असत. आंबूस वासाच्या औषधाच्या टाक्या, वर एक लाल दिवा, आणि बाकी मिट्ट काळोख. त्या लाल दिव्याशिवाय दुसरा कुठला उजेड आत आला की धुवायला टाकलेली फिल्म कोळशासारखी काळी. अप्पांनी पोरीला शाळेच्या सुट्टीत तिथं नेऊन शिकवलं. डोळे मिटून चालायचं कसं, कोपर कुठंही न लावता वळायचं कसं, कोण कुठं उभं आहे ते श्वासावरून ओळखायचं कसं. आणि एक वाक्य तर तिच्या कानाला घट्टे पडेपर्यंत ऐकवलं: "आधी कडी, मग दिवा." अप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी तीच लागली. अप्पा गावभर सांगत सुटले, पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे म्हणून.

त्या खात्याचे मुख्य म्हणजे साहेब. हातात कायम स्टीलची एक फूटपट्टी. त्या पट्टीनं फिल्मवर हाड दाखवायचं आणि तिनंच माणसांना टोचायचं. सगळे त्यांना मागून फूटपट्टी म्हणायचे. जिभेला हाड नसलेला माणूस. कुणाचं काही चुकलं की भर व्हरांड्यात ओरडणार, "काय उजेड पाडलास रे?" साहेबांच्या मेहुण्याला काम नव्हतं. साहेबांना तो कुठंतरी चिकटवायचा होता, आणि डार्करूमची जागा नुकतीच एका पोरीला गेलेली. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असून कोण काय करणार?

एके दिवशी कुठल्याशा कारखान्याची भिंत कोसळली. मोडक्या हाडांची माणसं रांगेनं आली. ती एकटी डार्करूममध्ये, टाकीत एकामागून एक फिल्मा सोडत होती. आणि खट्‌कन दार उघडलं. उजेडाचा लोट आत आला. दारात साहेब उभे. त्यांनी वर मोठा दिवाही लावला आणि ओरडले, "अगं बये! कडी लावली नव्हतीस?"

तिनं कडीकडे पाहिलं. कडी लोंबत होती.

सगळ्या फिल्मा काळ्या. त्या मोडलेल्या माणसांना पुन्हा टेबलावर घेतलं, पुन्हा वळवलं. एक म्हातारा असा किंचाळला की बाहेरची माणसं कानांवर हात ठेवून उभी राहिली. नातेवाईक तिच्या अंगावर धावून आले. साहेब फूटपट्टी हलवत सर्वांना सांगत होते, "डोक्यात उजेड नाही हो पोरीच्या. बापाच्या पुण्याईवर लागली. काय दिवे लावले बघा!" त्याच आठवड्यात तिला गाशा गुंडाळावा लागला, आणि मेहुणा तिच्या स्टुलावर येऊन बसला.

नोकरी गेली त्याचं तिला एवढं नव्हतं. तिनं पुढं नर्सिंग केलं, आपल्या पायावर उभी राहिली. पण अप्पा! अप्पांनी कधी आवाज चढवला नाही, तेच वाईट. जेवता जेवता मध्येच हात थांबवून विचारायचे, "कडी लावली होतीस ना गं?" ती म्हणायची, "लावली होती, अप्पा." ते मान हलवायचे आणि पुन्हा जेवायला लागायचे. चार दिवसांनी पुन्हा तेच. साहेब खोटं बोलतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नाही. त्यांच्या लेखी साहेब म्हणजे साहेब. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, पण तो प्रश्न राहिला. आणि अप्पा गेल्यावर प्रश्न आईनं उचलला. आता फक्त घराच्या दाराबद्दल. रोज दिवेलागणीला लेक घरात शिरली की आतल्या खोलीतून आवाज: "कडी लावलीस ना?" नातेवाईक हसायचे. तिच्या मात्र काळजात दर वेळी चर्र व्हायचं.

आणि सगळ्यात मोठं दुखणं तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तिची तिलाच खात्री उरली नव्हती. लावली होती ना? हाताला तो गार लोखंडाचा स्पर्श आठवायचा. पण तो त्या दिवसाचा की आदल्या दिवसाचा? डोळ्यांना मात्र लोंबणारी कडीच दिसायची.

असा हा फूटपट्टी पंचवीस-एक वर्षांनी तिच्याच वॉर्डात भरती झाला.

व्हीलचेअरवरून आला तरी सळी गिळल्यासारखा ताठ. केस पिकलेले, गाल ओघळलेले, पण आवाज तोच. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ. सोबत बायको, बारीक चणीची, सारखा पदर सावरणारी. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सिस्टरला समजावलं, "गाठीचा दाब पडलाय, त्यामुळं जिभेवर ताबा नाही. काहीही बोलतात, विनोद करतात, कुणाच्याही समोर. मनावर घेऊ नका." कडी सिस्टर मनात म्हणाली, यांच्या जिभेवर ताबा होता कधी? वरून ती म्हणाली, "हो, बाई."

साहेबांनी तिला ओळखलं नाही. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, आणि मधे अख्खं आयुष्य गेलेलं. तिनं त्यांचा रक्तदाब घेतला तेव्हा पट्टा गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला, एवढंच.

त्या दिवशी घरी गेली तर नेहमीप्रमाणे आतून आवाज आला, "कडी लावलीस ना?"

"लावली गं बाई, लावली! किती वेळा तेच विचारशील?" ती इतक्या जोरात ओरडली की आई बाहेर आली.

"काय झालं? एवढी का फणकारतेस?"

"तो आलाय. फूटपट्टी. डोक्यात गाठ घेऊन."

आई हळूच खुर्चीत बसली.  मग म्हणाली, "त्याला विचारून बघ. आता काय लपवायचंय त्याला? ह्यांच्या जिवाला तेवढंच लागून राहिलं होतं. आणि माझ्याही."

म्हणजे आईलाही खात्री नव्हती. लेकीला ते ठाऊक होतं, पण असं उघड कानावर पडलं नव्हतं. ती भांडी घासायला गेली आणि उगीच आपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती औषधाची पावडर पाण्यात विरघळवून साहेबांच्या खोलीत गेली. न्हावीमामा त्यांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत होते. काकू, म्हणजे साहेबांची बायको, स्टुलावर बसलेली. साहेब रंगात आले होते.

"मामा, काय उजेड पाडताय? नीट करा! तुम्हाला एक गंमत सांगतो. या बोटांनी मी एका पोरीची नोकरी घालवली. सांगा कशी?"

मामा म्हणाले, "मान हलवू नका, साहेब."

"फूटपट्टीनं! डार्करूमच्या दाराला फट होती. पोरगी पक्की, कडी लावल्याशिवाय दिवा लावायची नाही. मी काय केलं? फटीतून फूटपट्टी सरकवली, अलगद कडी उचलली, खट्! आत गेलो आणि मीच ओरडलो, कडी लावली नाहीस म्हणून! चेहरा बघायला हवा होता तिचा, हा हा हा! आणि हिचा भाऊ चिकटला की नाही तिथं? विचारा हिला."

काकूंनी मान खाली घातली. मामांनी हसावं की नाही ते न कळून वस्तरा पुसला.

कडी सिस्टर दारात उभी होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती काय असते हे तिला त्या क्षणी समजलं. ती तशीच मागं फिरली आणि बाहेरच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. हातात बाटली. लावली होती! तिनं कडी लावली होती! अप्पा विचारत विचारत गेले, आई विचारत विचारत म्हातारी झाली, तिनं स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं, आणि या माणसाला त्याची गंमत वाटते. इतकी वर्षं हा उजळ माथ्यानं फिरला.

बाटली बेसिनवर कललेली होती, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. अर्धी ओतली तर? वर पाणी घालायचं. कुणाला कळणार नाही. गाठ नीट चमकणार नाही, बाई बिचाऱ्या दिसेल तेवढी काढतील, बाकीची राहील. किंवा औषध पूर्ण पाजायचं आणि दुपारी खिडकीचा पडदा तेवढा विसरायचा. विसरतात की माणसं! कड्या लावायला नाही का विसरत? तिचे हात खरंच शिवशिवत होते. ती काही संत नव्हती.

मग तिला दुसरंच काही सुचलं, आणि त्या विचारानं तिचे हात थांबले. गाठ राहिली तर काय होणार? हा असाच बडबडत राहणार, लोकांना हसवत हसवत मरणार. त्यानं खरं सांगितलं तरी लोक म्हणणार, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. वेड्याच्या तोंडचा शब्द घेऊन आईकडे काय जायचं? नाही. असं सुटू नाही द्यायचं याला. याची गाठ मुळासकट निघाली पाहिजे. हा शुद्धीवर आला पाहिजे, अक्कल ठिकाणावर आली पाहिजे, आणि मग या माणसानं आईच्या समोर, भानावर असताना, तोंडानं म्हटलं पाहिजे. मरायचं असेल तर नंतर मरावं.

ती आत गेली. मास्कमधून म्हणाली, "साहेब, औषध."

"आंबट आहे," साहेब तोंड वाकडं करून म्हणाले.

"प्या. सगळं." त्यांनी बाटली संपवली. तिनं बाटलीत थोडं पाणी घातलं, खळखळवलं आणि तेही पाजलं. एखाद्याला पाणी पाजणं म्हणतात ते तिला आठवलं, आणि मास्कच्या आत ती हसली. मग तिनं सगळे पडदे ओढले, एकावर एक, कुठं सुईएवढी फट राहिली नाही ना ते बोटांनी चाचपून पाहिलं.

थिएटरात त्या दिवशी तिनं इतकं डोळ्यांत तेल घालून काम केलं की डॉक्टरबाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं. कवटी उघडली. बाई म्हणाल्या, "कडी?"

"लावली." तिनं पुन्हा जाऊन हात लावून पाहिलं. "आता दिवा."

दिवे मालवले. निळा दिवा लागला, आणि मायक्रोस्कोपच्या टीव्हीसारख्या पडद्यावर साहेबांचा मेंदू दिसायला लागला. निळसर काळोख, आणि त्यात मधोमध भडक गुलाबी. तिनं असं पुष्कळदा पाहिलं होतं, पण आज तिच्या तोंडातून निघून गेलं, "काय उजेड पडलाय डोक्यात!"

बाई हसल्या. त्यांना वाटलं, सिस्टर विनोद करतेय.

बाईंच्या हाताला घाई माहीत नव्हती. गुलाबी काढायचं, पांढऱ्या दिव्यात रक्त थांबवायचं, पुन्हा निळा दिवा, पुन्हा शोधायचं. दर वेळी कडी सिस्टरची नजर त्या पडद्यावरून हलत नव्हती. कुठल्याही पेशंटसाठी तिनं देवाला हात जोडले नसतील, पण या माणसासाठी जोडले. एक ठिपकाही राहू देऊ नकोस रे बाबा, मला तो अख्खा हवाय. शेवटी निळ्या उजेडात कुठंही गुलाबी दिसेना तेव्हा बाई म्हणाल्या, "स्वच्छ."  ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी साहेबांना तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "छान आहेत. दाब उतरलाय. बायकोला ओळखलं, वार सांगितला, आणि मला अगदी व्यवस्थित धन्यवाद म्हणाले. तो चावटपणा वगैरे सगळा गेला. पापण्या सुजल्यात, त्यामुळं नीट दिसत नाही, पण ते उतरेल. उद्या सकाळपर्यंत मात्र अंधारातच."

कडी सिस्टरनं आईला बोलावून घेतलं. भेटीच्या वेळी आई काठी टेकत आली. सिस्टरनं तिला हाताला धरून त्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. कानाशी म्हणाली, "तू बोलू नकोस. नुसतं ऐक." काकू पलंगाजवळच्या स्टुलावर होत्या. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, आणि कोण म्हणून विचारलं नाही.

सिस्टरनं मास्क काढला आणि पलंगाशी उभी राहिली. "साहेब, ओळखलंत का? अप्पांची मुलगी मी. डार्करूममधली."

 साहेब अगदी सभ्य आवाजात म्हणाले, "अप्पांची मुलगी? अरे वा. बरी आहेस ना? नर्स झालीस? चांगलं केलंस."

"साहेब, त्या दिवशी, भिंत पडली तेव्हा, मी कडी लावली होती ना?"

काही क्षण गेले. माणसाचा मेंदू आता एकदम झकास चालत होता, हे तिला त्या शांततेवरूनच समजलं.

"नाही बाळ," साहेब म्हणाले. "नव्हती लावलेली. पण आता ते उगाळून काय उपयोग? लहान होतीस, होते चूक. मी तर कधीच विसरलो."

बघा म्हणजे! गाठ होती तोवर माणूस खरं बोलत होता. गाठ निघाली आणि खोटारडा जसाच्या तसा परत आला, अगदी सभ्य होऊन. तिनं स्वतःच्या हातानं त्याला पाजलं, स्वतः देवाला हात जोडले, आणि खरं तेवढं त्या गुलाबीबरोबर बादलीत गेलं! कोपऱ्यात आईची काठी जमिनीवर किंचित घासली. म्हणजे आईनं ऐकलं, आणि आता आई तेच धरून मरणार.

तिचा हात आपोआप पडद्याकडे गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. एक ओढ, बस. पडदा मुठीत आला. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आईचाही. आईचा श्वास ऐकता ऐकता तिला जाणवलं की या खोलीत आई आहे हे साहेबांना माहीतच नाही. त्यांना ना दिसतंय, ना अंधारात ऐकायची सवय आहे. अंधार आपला आहे, यांचा नाही.

तिनं पडदा सोडला.

"बरं, साहेब. आराम करा. येते मी. काकू, मी गेल्यावर कडी लावून घ्या, नाहीतर कुणीतरी येऊन दिवा लावेल."

ती चपला वाजवत दारापर्यंत गेली. दार उघडलं. आणि बाहेर न जाताच बंद केलं. चपला तिनं दाराशी पोचताच पायातून काढल्या होत्या. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

काकू कडी लावायला उठून आल्या. दाराशी सिस्टर उभी. दोघी एकमेकींसमोर, हातभर अंतरावर. काकूंनी एक शब्द काढला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. काकूंनी हात वर केला आणि हळूच कडी घातली. खट्. मग त्या परत जाऊन स्टुलावर बसल्या.

"गेली का?" साहेबांनी विचारलं.

"कडी लावली," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "खरंच नव्हती का हो लावलेली तिनं?"

साहेब हसले. बारीक, घरातलं हसू. "लावली होती गं. तिच्यासारखी कडी कुणी लावत नसे. बापावर गेली होती पोरगी. मीच उचलली पट्टीनं. तुझ्या भावाचं भलं नको व्हायला? पण असं कबूल करून कसं चालेल? इतक्या वर्षांनी माझ्या नावाला बट्टा कशाला?"

कोपऱ्यातून आवाज आला, "पुन्हा बोला."

साहेब पलंगावर दचकले. "कोण? कोण आहे तिथं?"

"अप्पांची बायको. पुन्हा बोला, मला कमी ऐकू येतं."

आईला टाचणी पडली तरी ऐकू यायचं.

"ही... ही इथं कशी? अगं, ही कोण आली?" साहेब बायकोचा हात शोधायला लागले. काकूंनी हात मागं घेतला.

"बोला ना," काकू म्हणाल्या. "त्यांना ऐकू आलं नाही."

"लावली होती," साहेब पुटपुटले.

"कुणी?" आई म्हणाली.

"तिनं. तुमच्या मुलीनं."

"आणि उघडली कुणी? जरा मोठ्यानं. तेव्हा सगळ्यांसमोर केवढ्या मोठ्यानं ओरडला होतात."

"मी! मी उघडली! झालं समाधान?" साहेबांचा आवाज चिरकला. "पडदा उघडा आधी! कोण कोण आहे इथं? मला दिसू दे!"

सिस्टर दारापासून पलंगापर्यंत आली, अंधारात, कशालाही धक्का न लावता. तिच्या चपलांचा आवाज नव्हता, त्यामुळं आवाज एकदम कानाशी आल्यावर साहेबांनी अंग चोरलं.

"उजेड तुम्हाला सोसायचा नाही, साहेब," ती म्हणाली. "उद्या सकाळी उघडते. पडून राहा."

तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, हात उघडे राहिले होते ते आत घातले, आणि आईला घेऊन बाहेर आली. आपल्यामागं काकूंनी कडी घातल्याचा आवाज आला तेव्हा तिला हसू फुटलं. आणि रडूही. व्हरांड्यात आई तिच्या दंडाला धरून चालत होती आणि एकच म्हणत होती, "हे ऐकायला ते हवे होते. ते हवे होते गं." तिला साहेबांचा गळा दाबावासा वाटला, अजूनही. अप्पांना कुठून परत आणायचं? ते काही त्या माणसाकडून वसूल होणार नव्हतं.

संध्याकाळी ती राहिलेली ड्युटी संपवून घरी आली. आत शिरली, दार लावलं, आणि तिथंच थबकली. आतल्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. तिनं पर्स ठेवली, पाय धुतले. तरी नाही. एवढ्या वर्षांचा तो प्रश्न कानांना इतका सवयीचा होता की घर ओकंओकं वाटायला लागलं. शेवटी तिला राहवेना. ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई," ती म्हणाली, "कडी लावली बरं का."

आईनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.